तौनोची उपाशी गाडी

तौनोच्या सौनात जायचं तर आधी मन घट्ट करावं लागतं. तापल्या दगडांवर पळीभर पाणी टाकलं की वाफ उठते, अंग मोकळं होतं, माणसं डोळे मिटून "हाश्श" करतात. इथवर सगळं चारचौघांसारखंच. पण तौनो लगेच विचारतो, "अजून एक टाकू?" आणि समोरचा नाही म्हणेपर्यंत ती टाकलेलीही असते. तिसऱ्या पळीला पाहुणे दाराकडे सरकायला लागतात. एकदा तर गावचे पाद्री अंगावर फक्त बर्चच्या झाडाची एक डहाळी धरून बाहेरच्या बर्फात धावले होते, आणि ती डहाळी पुरेशी नव्हती, असं बघणारे सांगतात.

"थोडं जास्त झालं म्हणून कोणी मेलेलं नाही," असं तौनोचं म्हणणं. पाद्री सापडले तेव्हाही त्याने हेच म्हटलं.

सालमिवारा गावाच्या तळ्यापलीकडच्या काठावर तौनो आणि त्याची बायको हिल्क्का राहतात. त्यांचा कुत्रा मुस्ती जातीने शिकारी आहे, पण तौनोच्या हातचं खाऊन खाऊन असा झालाय, की ससा समोरून गेला तर बसल्या जागी शेपूट हलवून त्याला वाट देतो. अंगणातल्या पाखरांना तौनो इतके दाणे घालतो, की ती एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर जाण्याआधी विचार करतात. पाहुण्याचा कप तो असा काठोकाठ भरतो, की पाहुण्याला टेबलाशी वाकून, हात न लावता, पहिला घोट ओढून घ्यावा लागतो. सालमिवाऱ्यात कोणी असं वाकून प्यायला लागलं की लोक विचारतात, "काय रे, तौनोकडून आलास वाटतं?"

हा हावरटपणा नव्हे, हे इथे सांगितलं पाहिजे. तौनो भावंडांत सगळ्यात धाकटा. आईची पळी त्याच्या ताटलीपर्यंत यायची तोवर सूप संपून भांड्याचं बूड खरवडल्याचा आवाज यायचा. तो आवाज त्याच्या कानातून काही गेला नाही. आपल्याकडे आलेल्या कुणाला, मग तो माणूस असो, कुत्रा असो की चूल असो, तो आवाज ऐकू येऊ नये, एवढंच त्याला वाटायचं. आता अशा माणसाच्या हाती फोर-स्ट्रोक बर्फगाडी आली, तर दुसरं काय होणार?

जन्मभर तौनोने टू-स्ट्रोक बर्फगाडी चालवली होती. तिच्या पेट्रोलमध्येच तेल मिसळायचं असतं, आणि तौनो ते अंदाजाने मिसळायचा. तौनोचा अंदाज म्हणजे काय ते आता तुम्हाला कळलंच आहे. त्याची गाडी गोठलेल्या तळ्यावरून निघाली की मागे निळ्या धुराचा पट्टा उठायचा, आणि त्या पट्ट्याच्या बरोब्बर मध्ये, गाडीला बांधलेल्या घसरगाडीत, रेनडिअरच्या कातड्यावर, चर्चचा चांगला कोट घालून हिल्क्का बसलेली असायची. त्यांच्या काठाला हिवाळ्यात रस्ता नाही. चर्चला जायचं तर तळ्यावरूनच, आणि तौनोच्या मागूनच.

हिल्क्काचा गळा गोड. पण चर्चच्या गायनमंडळात तिला उभं करत सगळ्यात मागे, दाराजवळ, कारण तिच्या कोटाला धुराचा वास मारायचा आणि दुसऱ्या कडव्याला तिला हमखास खोकला यायचा. मार्च महिन्यात मारियाचा सण येतो, देवदूताने येशूच्या आईला बाळाची बातमी दिली तो दिवस. आमच्याकडे तो नाताळापेक्षा मोठा, सगळा मुलूख चर्चला लोटतो. त्या दिवशी एक गाणं एकटीने म्हणायचं असतं, आणि ते दर वर्षी केर्तू म्हणायची. केर्तूचा एकही सूर कधी चुकला नाही. तिचं गाणं इस्त्री केलेल्या चादरीसारखं होतं, ऐकलं की झोप यायची.

त्या वर्षी गायनमंडळाच्या लेम्पीबाईंनी हिल्क्काला बाजूला घेतलं. "यंदा तू म्हण. पण खोकलीस तर केर्तू."

हिल्क्काने घरी येऊन हे सांगितलं ते भांडी विसळता विसळता, पाठमोरी, जणू मीठ संपल्याचं सांगतेय. पण एकच बशी ती पुन्हा पुन्हा विसळत होती. तौनोला सगळं कळलं. त्याने आपली होडी विकली, जुनी गाडी शेजारच्या सुलोच्या गळ्यात मारली आणि फोर-स्ट्रोक घेतली. तिला धूर नाही, वास नाही.

गाडी विकली पिर्कोने. चर्चकडच्या काठावर पेट्रोल पंपाच्या मागे तिचं गॅरेज आहे. तिथे गाड्या दुरुस्त होतात आणि सॉसेजही मिळतात, आणि दोन्हींना हात मात्र एकच.

"नीट ऐक," पिर्को म्हणाली. "हिच्या पेट्रोलमध्ये तेल घालायचं नाही. हिच्या तेलाची टाकी वेगळी. ही कांडी बघ, तिच्यावर दोन खुणा आहेत. तेल ह्या दोन खुणांच्या मध्ये पाहिजे. आणि कांडी बघायची ती गाडी चालवून गरम झाल्यावर. गारठ्यात उभी असली ना, की तेल खाली इंजिनाच्या पोटात उतरून बसतं. कांडीला दिसत नाही. ऐकतोयस ना?"

"ऐकतोय," तौनो म्हणाला. तो सॉसेजवर मोहरीची चटणी लावत होता. अजून थोडी लावली.

"आणि ही नळी. हे हिचं नाक. इंजिनाच्या पोटात जो वायू साठतो तो हिच्यातून बाहेर पडतो. ही मोकळी राहिली पाहिजे. थंडीत हिच्यात बर्फ धरतो, तो अधूनमधून काढायचा."

"नाक," तौनो म्हणाला. "कळलं."

घरी आणली तेव्हा गाडी इतकी हळू गुरगुरत आली, की मुस्ती भुंकलासुद्धा नाही. हिल्क्काने तिच्या मागे उभं राहून मोठा श्वास घेतला. नुसत्या बर्फाचा वास. ती हसली. तौनोने तिला इतकं हसताना बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. पण त्याच क्षणी त्याच्या मनात पाल चुकचुकली. मागे धूर नाही. एवढी थोरली गाडी, एवढं काम करते, आणि धूर नाही? खाल्लेलं माणूस ढेकर देतं. हिचं काहीतरी अडतंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी, बाहेर नाक गळून पडेल अशी थंडी असताना, त्याने गाडी सुरू न करताच कांडी ओढून पाहिली. तेल खालच्या खुणेच्याही खाली.

"उपाशी आहे बिचारी!" तौनो कळवळला आणि त्याने तेल घातलं.

पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल. रोज सकाळी गारठलेली कांडी रिकामी, रोज सकाळी तौनोचा जीव कासावीस, आणि रोज सकाळी एक पळी, वर आणखी एक. सारखं उघडायला लागतं म्हणून त्याने इंजिनाचं बाजूचं झाकण काढूनच ठेवलं. कांडीही तो घट्ट बसवेनासा झाला. उद्या काढायचीच आहे.

गाडीने बिचारीने थोडे दिवस सोसलं. मग तिचं पोट गळ्यापर्यंत भरलं, आणि इंजिन फिरायला लागलं की जास्तीचं तेल नाकावाटे, म्हणजे त्या नळीवाटे, वर येऊन इंजिनाच्या हवेत मिसळू लागलं आणि जळू लागलं. सणाच्या आदल्या आठवड्यात तालमीला जाताना भर तळ्यावर मागून निळा धूर निघाला. टू-स्ट्रोकचा धूर बरा म्हणावा असा.

तालमीत हिल्क्का पहिल्याच कडव्याला खोकली. लेम्पीबाईंनी बाजाच्या पट्ट्यांवरचे हात उचलले आणि केर्तूकडे पाहिलं. केर्तूने घसा साफ केला. तिला साफ करायची काही गरज नव्हती, तिचा घसा साफच असतो.

"रविवारी सकाळी ठरवू," लेम्पीबाई म्हणाल्या. "खोकला नसला तर तू. पण हिल्क्का, पुढच्या वर्षी मी केर्तूला थांबवून ठेवू शकणार नाही."

घरी आल्यावर हिल्क्काने कोट बाहेर थंडीत टांगला, वास जावा म्हणून, आणि ती बराच वेळ त्याच्याकडे बघत उभी राहिली. ओरडली असती तर तौनोला बरं वाटलं असतं.

"पिर्कोला दाखव गाडी," ती एवढंच म्हणाली.

"एवढ्याशासाठी पिर्को कशाला? मी आहे ना!"

"तू आहेस, तीच तर काळजी आहे," हिल्क्का म्हणाली आणि आत गेली.

शनिवारी तौनोने गाडी उघडली. मोडकं जोडण्यात तो हुशार होता, होड्या, पिंपं, छपरं सगळं त्याने जन्मभर दुरुस्त केलेलं. त्याला ती नळी दिसली, तेलाने लडबडलेली. हातात घेतली तर टोकातून थेंब गळतोय. सापडला चोर! तेल गळतंय इथून, आणि म्हणूनच गाडी रोज उपाशी. होडीला भोक पडलं तर काय करतात? बुजवतात. तौनोने बर्चच्या लाकडाचं छानसं बूच कोरलं, नळीच्या तोंडात ठोकलं आणि वर तारेने आवळलं. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, ते असं.

मग अंगणात एक चक्कर मारली. धूर नाही! हिल्क्काला बाहेर बोलावलं, तिच्यासमोर आणखी एक चक्कर. धूर नाही. हिल्क्काच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड आला.

"काय केलंस?"

"गळती थांबवली," तौनो छाती काढून म्हणाला. आणि उद्याचा प्रवास लांबचा म्हणून त्याने गाडीत अजून थोडं तेल घातलं.

सणाच्या सकाळी ऊन इतकं लख्ख होतं की बर्फाकडे बघवत नव्हतं. तौनोने लग्नाच्या वेळचा पांढरा कोट घातला. पोटावर तो बसत नव्हता, पण सण होता. निघाली ती दोघं वेळेच्या कितीतरी आधी, कारण तौनो वेळही थोडा जास्तच घेतो. हिल्क्का मागे घसरगाडीत, गळ्याभोवती मफलर, ओठ मिटलेले, नाकाने हळूहळू श्वास घेत. हवा स्वच्छ होती. तौनो दर थोड्या वेळाने मागे वळून बघे आणि हिल्क्का मान हलवून "ठीक" म्हणे. त्या मान हलवण्यापायी तौनो आणखी एक होडी विकायला तयार होता.

पण अंगणातली चक्कर वेगळी आणि तळं वेगळं. इंजिन जोरात चाललं, पोटात वायू साठत गेला, आणि नाकात तर बूच. नाक दाबलं की तोंड उघडतं, मग ते माणसाचं असो की गाडीचं. तळ्याच्या मध्यावर, बेटाच्या अलीकडे, "फट्!" असा आवाज झाला, तेलाची कांडी बाटलीच्या बुचासारखी उडाली, ऊन खात आभाळात गेली, आणि तिच्यामागून काळ्या गरम तेलाचं कारंजं निघालं. पहिली पळी तौनोच्या मिशीवर आली. दुसरी पांढऱ्या कोटावर. उरलेलं तेल तापलेल्या धुराड्यावर पडून चरचरलं आणि दाट, कडवट धूर उसळला.

"तौनो! बंद कर! पेट घेईल!" हिल्क्का घसरगाडीतून उडी टाकत ओरडली.

तौनोला काही दिसत नव्हतं. त्याने डोळे पुसायला दोन्ही हात सोडले आणि तो सरळ बाजूच्या बर्फात पडला. गाडीची एक दोरी चालवणाऱ्याच्या कोटाला अडकवलेली असते, माणूस पडला की ती निसटते आणि इंजिन बंद होतं. त्या सबंध हिवाळ्यात तौनोने गाडीच्या बाबतीत जी एक गोष्ट बरोबर केली, ती म्हणजे हे पडणं.

हिल्क्काने मफलर नाकावर दाबला आणि ती वाऱ्याच्या उलट दिशेने लांब पळाली. धूर दुसरीकडे वाहत गेला. पेटलं काही नाही. शांत झालं.

"भाजलं का रे?" तिने लांबूनच विचारलं.

"मिशी तेवढी," तौनो म्हणाला. "तुला? खोकला?"

हिल्क्काने जपून एक श्वास घेतला. मग दुसरा. "नाही."

तेवढ्यात मागून फटफट करत सुलो आला, तौनोच्याच जुन्या टू-स्ट्रोकवर, मागे निळ्या धुराचा ढग घेऊन.

"अरे, हे काय! गाडीने ओकारी केली का?" तो खुशीत म्हणाला. "चल हिल्क्का, बस माझ्या मागे. तुझ्या सवयीचीच गाडी आहे!"

"सुलो, तिथेच थांब. एक पाऊल पुढे येऊ नकोस," हिल्क्का म्हणाली. "तुझ्या मागे बसून चर्चला गेले तर मला गायला नाही, पुरायला न्यावं लागेल. तू पुढे हो आणि लेम्पीला सांग, मी येतेय. खोकला नाहीये म्हणावं."

"येतेस कशी? उडून?"

हिल्क्काने दोन पावलं टाकून पाहिली. बर्फ मऊ होता आणि चर्चचे जोडे तिला चालू देत नव्हते. तिने तौनोकडे पाहिलं. तौनो उठला, त्याने घसरगाडीची कडी गाडीपासून सोडवली, दोर छातीवरून घेतला आणि म्हणाला, "बस."

"तू? अरे, तुला जिना चढताना धाप लागते."

"बस म्हणतोय ना."

तो ओढू लागला. बर्फातून धापा टाकत, कोटाची बटणं एकेक करून उडवत, तेलाने चकाकत. इतक्या वर्षांनी तिला मिळालेलं एक गाणं, आणि ते आपण आपल्या पळीने बुडवत होतो. ह्यापेक्षा गाडी खरंच उपाशी राहिली असती तर बरं.

मग मागून आवाज आला. हिल्क्का गळा मोकळा करत होती. आधी हळू, मग उघड. आवाज तळ्यावरून बेटापर्यंत जाऊन परत येत होता. तौनो थबकला.

"थांबलास का?"

"तू घसरगाडीत कधी गायची नाहीस."

"नेहमी गायचे," हिल्क्का म्हणाली. "खोकला आला की थांबायचे. तुझ्या इंजिनाच्या आवाजात तुला कधी ऐकू आलं नाही."

तौनोने दोर पुन्हा खांद्यावर ओढून घेतला आणि तो आणखी हळू चालू लागला, म्हणजे पावलांचा आवाज होणार नाही.

चर्चमध्ये इकडे सुलोने निरोप दिला होता आणि पाद्रींवर बाका प्रसंग आला होता. हिल्क्का येईपर्यंत प्रवचन लांबवायचं. मारियाबद्दल होतं नव्हतं ते सगळं सांगून झालं, देवदूत येऊन गेला, पुन्हा एकदा येऊन गेला. शेवटी निरुपायाने त्यांनी बायबलातली, दिव्यात पुरेसं तेल न ठेवणाऱ्या मूर्ख कुमारिकांची गोष्ट काढली. "तुमच्यापैकी किती जणांजवळ पुरेसं तेल आहे?" असं त्यांनी हात उंचावून विचारलं, आणि नेमकं दार उघडून तौनो आत आला. नखशिखांत काळा, मिशीतून थेंब गळतोय.

सगळं चर्च हसलं. पाद्री तर कठड्याला धरून हसले. बाहेर धावल्याची फेड झाली, असं त्यांनी नंतर कुणालातरी सांगितलं म्हणतात.

तौनोचा हात लागला नव्हता, म्हणून हिल्क्काचा कोट स्वच्छ होता. ती सरळ पुढे गेली. लेम्पीबाईंनी तिच्याकडे पाहिलं, तिने मान हलवली, आणि बाजा सुरू झाला. तौनोच्या कपड्यांमुळे त्याला कुणी बाकावर बसू देईना, तेव्हा तो उभा राहिला मागे, दाराजवळ. इतकी वर्षं हिल्क्काला जिथे उभं करत, तिथेच.

ती गायली. दुसरं कडवं आलं आणि तौनोने स्वतःचाच श्वास धरून ठेवला. दुसरं कडवं गेलं. तिसरं आलं. केर्तू रडत होती. शेवटचा सूर हिल्क्काने लेम्पीबाईंच्या हातापेक्षा किंचित जास्त लांबवला, आणि तो थांबल्यावर कुणाला खोकायचंही धाडस झालं नाही. तौनोच्या तेलकट गालांवरून दोन स्वच्छ रेघा खाली गेल्या, आणि त्याने त्या पुसल्या नाहीत.

नंतर चर्चच्या दालनात कॉफी आणि वेलचीचा पाव होता. पिर्को तौनोला शोधत आली.

"नळीत काय घातलंस?" तिने सरळच विचारलं.

"बूच."

"मी काय सांगितलं होतं?"

"नाक."

"आणि तेल?"

तौनोने कुठवर भरलं होतं ते हाताने दाखवलं. पिर्को खुर्चीवर बसली. "देवा रे. माणूस आहेस का पूर? ते तेल धुराड्यावर पेटलं असतं तर दोघांची राख गोळा करत बसलो असतो आम्ही. उद्या मी येऊन सगळं काढते. आणि ती कांडी तुझ्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी बसवता आली तर बघते."

लेम्पीबाई कॉफीची किटली घेऊन आल्या आणि तौनोचा कप भरू लागल्या. निम्मा झाला, पाऊण झाला. तौनोने कपावर हात ठेवला.

"पुरे," तो म्हणाला.

सुलोच्या हातातला पाव कॉफीत पडला. लेम्पीबाईंनी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

जाताना पिर्को म्हणाली, "हिल्क्का, मी सोडते तुला. माझ्या गाडीला धूर नाही. तिच्यात मी तेल घालते, हा घालत नाही."

हिल्क्काने दाराबाहेर पाहिलं. तौनो घसरगाडीतलं रेनडिअरचं कातडं झटकत होता. कोटाला एकही बटण उरलं नव्हतं, पोट उघडं पडून गारठलं होतं.

"नको," ती म्हणाली. "ह्यालाच ओढू दे. माझ्या गळ्याचं राहू दे, ह्याच्या पोटाला बरं."

ती दोघं तळ्यावर उतरली. बेटापर्यंत येता येता तिचं एक गाणं म्हणून झालं. ऊन कलत होतं आणि तौनोचे पाय कापत होते. समोर घराचं छप्पर दिसत होतं. सरळ गेलं तर जवळ, बेटाला वळसा घालून गेलं तर बरंच लांब.

"अजून एक म्हणू?" मागून हिल्क्काने विचारलं.

"म्हण की," तौनो धापा टाकत म्हणाला. "थोडं जास्त झालं म्हणून कोणी मेलेलं नाही."

आणि तो बेटाच्या बाजूने वळला.